रिकामी जहाजे, रंगीत चित्रे : क्रूझच्या जाहिरातींची एकशे ऐंशी वर्षे

समुद्रावर जाणे भाग पडले म्हणून माणूस हजारो वर्षे समुद्रावर गेला. व्यापारी गेला, सैनिक गेला, कोळी गेला, यात्रेकरू गेला, देशोधडीला लागलेलाही गेला. परंतु कोठेही पोहोचायचे नसताना, पदरचे पैसे मोजून जहाजात बसावे, आठवडाभर पाण्यावर राहावे आणि फिरून त्याच बंदरात उतरावे, ही क्रूझची कल्पना लोकांना आपोआप रुचली नाही. ती त्यांच्या गळी उतरवावी लागली. हे काम जाहिरातीने केले. भित्तिपत्रके, माहितीपुस्तिका, दूरदर्शनवरच्या जाहिराती आणि आता मोबाइलवरच्या चित्रफिती एकापुढे एक मांडून पाहिल्या, तर त्यांतले चित्र अनेकदा पार पालटलेले दिसते, आणि त्या बहुतेक बदलांच्या मुळाशी एकच अडचण आढळते: जहाज तयार होते आणि त्यातल्या जागा रिकाम्या होत्या.

आरंभीच्या काळात प्रवासी हा जहाजाच्या हिशेबातला दुय्यम भाग होता. सॅम्युएल क्युनार्ड यांच्या ‘ब्रिटानिया’ या आगबोटीने 1840 साली लिव्हरपूलहून अटलांटिकपार जाण्यास सुरुवात केली, ती टपालाच्या सरकारी कंत्राटाच्या आधारावर. तरीही लंडनमधल्या एजंटाच्या कचेरीत जहाजाच्या अंतर्भागाचे, रोगण चढवून चकचकीत केलेले शिळाछाप चित्र टांगलेले होते. जानेवारी 1842 मध्ये चार्ल्स डिकन्स याच जहाजाने अमेरिकेला निघाले आणि चित्र व प्रत्यक्ष यांतले अंतर त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले. चित्रातला दिवाणखाना नजर पोहोचणार नाही इतका लांबवर पसरलेला, पौर्वात्य थाटाने सजलेला आणि स्त्रीपुरुषांच्या घोळक्यांनी शोभणारा होता. प्रत्यक्षात त्यांना दिसली ती खिडक्या बसवलेल्या प्रचंड शववाहिकेसारखी लांबट, अरुंद खोली. आपल्या केबिनमध्ये प्रवासी पेट्या शिरणे हे कुंडीत जिराफ शिरवण्याइतकेच अशक्य आहे, असे त्यांनी लिहिले. परतीच्या प्रवासासाठी त्यांनी शिडाचे जहाज निवडले. या विषयातला इतका जुना आणि इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून त्याची दखल येथे सर्वांत आधी घेतली पाहिजे.

दोनच वर्षांनी, 1844 मध्ये, पी अँड ओ कंपनीने साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्रातल्या बंदरांकडे जाणाऱ्या सहलींची जाहिरात केली. कंपनीची जहाजे टपाल घेऊन त्या बाजूला जातच होती. प्रश्न उरलेल्या जागांचा होता. त्या जागा भराव्यात म्हणून कंपनीने कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांना विनामूल्य प्रवास दिला, आणि 1846 साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. मान्यवर लेखकाला घेऊन जावे आणि त्याच्या लेखणीतून वाचकाच्या मनात इच्छा जागी करावी, ही पद्धत तेव्हापासून रुळली आणि ती आजही मोडलेली नाही. मात्र या सहलींत विकले जात होते ते अथेन्स, जेरुसलेम आणि कैरो. जहाज हे तिथवर नेणारे साधन होते, आणि समुद्र हा सोसायचा भाग होता.

जहाज हेच सुट्टीचे ठिकाण ठरवण्याचे श्रेय बऱ्याच अंशी हॅम्बुर्गच्या अल्बर्ट बालिन यांना द्यावे लागते. हापाग या जर्मन कंपनीची जलद जहाजे उन्हाळ्यात अटलांटिकवर भरून धावत, पण हिवाळ्यात तो महासागर इतका खवळलेला असे की प्रवासी फिरकत नसत. उभ्या जहाजाचा खर्च मात्र थांबत नाही. बालिन यांनी 22 जानेवारी 1891 रोजी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज 241 प्रवाशांसह कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे रवाना केले, आणि ते स्वतःही त्या सफरीवर गेले. सुमारे दोन महिन्यांची ही सहल यशस्वी झाली. 1900 साली कंपनीने ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’ हे केवळ सहलींसाठी बांधलेले जहाज पाण्यात सोडले. ते पांढरेशुभ्र होते, बांध्याने राजेरजवाड्यांच्या यॉटसारखे होते, आणि त्यावर एकच वर्ग होता, तोही पहिला. क्रूझच्या जाहिरातीत पुढे शंभर वर्षे टिकून राहिलेले पांढऱ्या जहाजाचे चित्र त्या सुमारास डोळ्यांत भरू लागले. पांढरा रंग उष्ण प्रदेशात उन्हाचा ताप कमी करतो, हे त्यामागचे व्यावहारिक कारण होते. पाहणाऱ्याला मात्र त्यात स्वच्छता आणि श्रीमंती दिसली.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जाहिरातीचा सगळा भर आकारावर आला. व्हाइट स्टार लाइनने आपल्या ‘ऑलिम्पिक’ आणि ‘टायटॅनिक’ या जोड जहाजांच्या प्रचारासाठी एक चित्र वापरले, त्यात जहाज उभे करून जगातल्या उंच इमारती, मनोरे आणि गिझाचा पिरॅमिड यांच्या रांगेत ठेवले होते. हे चित्र आज पाहिले की जाहिरातकाराची युक्ती ध्यानात येते. भूमीवरचे सर्वांत भक्कम बांधकाम जहाजाशेजारी ठेवले की पाहणाऱ्याला पायाखाली पाणी असल्याचा विसर पडतो. आतल्या सजावटीतही राजवाडे, संगमरवरी जिने आणि ओकच्या लाकडाचे दिवाणखाने यांचाच भास घडवलेला असे.

पहिल्या महायुद्धानंतर एक वेगळाच धक्का बसला. या कंपन्यांचे मोठे उत्पन्न पहिल्या वर्गाच्या झगमगाटातून येत नव्हते; ते तळाच्या डेकवर दाटीवाटीने जाणाऱ्या स्थलांतरितांच्या तिकिटांतून येत होते. अमेरिकेने 1921 आणि 1924 च्या कायद्यांनी स्थलांतरितांच्या संख्येवर मर्यादा घातली आणि या जागा ओस पडल्या. कंपन्यांनी त्याच जागांची रंगसफेदी केली, तिथे लहान केबिन बांधल्या, त्या वर्गाला ‘टूरिस्ट थर्ड केबिन’ असे नाव दिले आणि विद्यार्थी, शिक्षक, माफक उत्पन्नाचे मध्यमवर्गीय यांना उद्देशून जाहिराती काढल्या. त्या जाहिरातींत युरोप पाहण्यासाठी धनाढ्य असावे लागत नाही, असा दिलासा होता. ज्या जागेतून काही वर्षांपूर्वी गरीब कुटुंबे आपले सर्वस्व गाठोड्यात बांधून निघाली होती, तीच जागा तरुण पदवीधरांच्या उन्हाळी मौजेचे ठिकाण म्हणून विकली गेली. जाहिरातीच्या इतिहासातला हा बदल मला सर्वांत बोलका वाटतो. त्याच सुमारास अमेरिकेत 1920 ते 1933 या काळात दारूबंदी होती. किनाऱ्यापासून दूर गेले की विदेशी जहाजावर मद्य मिळे, म्हणून कोठेही न जाता समुद्रात फेरी मारून परतणाऱ्या सहली निघाल्या. प्रवासाला ठिकाण लागते, हा संकेत तिथे पहिल्यांदा उघडपणे गळून पडला.

आता 1930 च्या दशकातली भित्तिपत्रके पाहू, आणि त्यांच्यापाशी थोडे थांबू, कारण या क्षेत्रात याहून श्रेष्ठ चित्रकला नंतर झाली नाही, असे माझे मत आहे. कॅसांद्र या नावाने चित्रे काढणारे आदोल्फ मूरों हे 1901 मध्ये खार्कीव्ह येथे जन्मले आणि पॅरिसमध्ये नावारूपाला आले. त्यांच्या 1931 च्या ‘लातलांतिक’ जहाजाच्या भित्तिपत्रकात जहाज म्हणजे एक काळा, जवळजवळ भौमितिक ठोकळा आहे, आणि त्याच्या पायाशी धूर सोडणारी एक चिमुकली ओढबोट आहे. 1935 च्या ‘नॉर्मंडी’च्या भित्तिपत्रकात जहाजाचे पुढचे टोक अगदी समोरून, खालून वर पाहिल्यासारखे रंगवले आहे, पाण्याच्या रेषेजवळ पांढऱ्या पक्ष्यांचा थवा आहे आणि वर फ्रान्सचा ध्वज आहे. चित्रात एकही माणूस नाही. केबिन नाही, जेवण नाही, नृत्य नाही, किंमत नाही. पाहणाऱ्याने त्या पक्ष्यांवरून जहाजाची उंची मोजायची आणि स्तब्ध व्हायचे, एवढीच अपेक्षा आहे. मंदीच्या वर्षांत, फ्रेंच सरकारच्या मदतीने बांधलेल्या जहाजासाठी काढलेले हे चित्र तिकिटाइतकेच राष्ट्राच्या अभिमानाचेही होते.

हा अभिमान किती विषारी वळण घेऊ शकतो, हेही त्याच दशकाने दाखवले. जर्मनीत नाझी राजवटीच्या ‘क्राफ्ट दुर्ख फ्रॉइडे’ (आनंदातून शक्ती) या संघटनेने 1934 पासून कामगारांसाठी स्वस्त समुद्रसहली सुरू केल्या. 1938 मध्ये प्रवासी सेवेत आलेल्या ‘व्हिल्हेल्म गुस्टलॉफ’ या जहाजावर प्रवाशांचे वर्ग नव्हते, आणि वर्गभेद मिटवणारे सरकार म्हणून त्याची छायाचित्रे देशभर आणि देशाबाहेर फिरवली गेली. डेकवर ऊन खात बसलेल्या हसऱ्या कामगारांची ती छायाचित्रे दिसायला निरागस आहेत. त्याच वेळी त्याच देशात कामगार संघटना मोडून टाकल्या होत्या आणि ज्यू नागरिकांचे हक्क हिरावले जात होते, हे त्यांच्याशेजारी ठेवूनच ती पाहिली पाहिजेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमान आले. 1950 च्या दशकात क्युनार्ड कंपनीची घोषणा अशी होती की तिथवर पोहोचण्यातच निम्मी मजा आहे. घोषणा सुरेख होती, पण तिच्यात धास्तीही होती. कारण पोहोचण्याला पाच दिवस लागतात, हा दोष आता गुण म्हणून मांडावा लागत होता. ऑक्टोबर 1958 मध्ये जेट विमानांची अटलांटिकपार सेवा सुरू झाली आणि पाच दिवसांचे काही तास झाले. त्यानंतर कोणतीही घोषणा त्या जहाजांना वाचवू शकली नाही. अनेक भंगारात गेली, काही विकली गेली, आणि जी उरली त्यांना नवे काम शोधावे लागले.

ते काम मायामीत मिळाले. डिसेंबर 1966 मध्ये ‘सनवर्ड’ या जहाजाने तिथून कॅरिबियन बेटांकडे नियमित सहली सुरू केल्या. त्या उपक्रमातले एक भागीदार टेड अरिसन यांनी पुढे वेगळे होऊन 1972 मध्ये कार्निव्हल कंपनी काढली. तिचे पहिले जहाज ‘मार्दी ग्रा’ हे अटलांटिकवरचे एक जुने, सेकंडहँड जहाज होते. पहिल्याच सफरीत, शेकडो ट्रॅव्हल एजंट जहाजावर असताना, ते मायामी बंदराबाहेर वाळूत रुतले. एवढ्या अपशकुनानंतर कंपनी टिकली, याचे एक कारण तिच्या जाहिरातीत आहे. त्यानंतरच्या वर्षांत इंधन महागले. जहाज सावकाश चालवले तर इंधन कमी लागते, पण मग बंदरे कमी घेता येतात. बंदरे कमी झाली तर प्रवाशाला काय द्यायचे? कार्निव्हलने उत्तर दिले की जहाज हीच मौज आहे, आणि आपल्या जहाजांना ‘फन शिप’ म्हणायला सुरुवात केली. जुन्या जाहिरातीत प्रवासी संध्याकाळच्या औपचारिक पोशाखात, हातात पेला घेऊन, मंद हसत उभा असे. नव्या जाहिरातीत तो पोहण्याच्या कपड्यांत, तोंड उघडून, मोठ्याने हसत होता. क्रूझ ही वृद्ध आणि धनवान लोकांची गोष्ट आहे, ही समजूत मोडायची होती, आणि ती अगदी ठरवून मोडली गेली.

या कामात सर्वांत मोठी मदत मनोरंजनाने केली. 1977 मध्ये अमेरिकेत ‘द लव्ह बोट’ ही मालिका सुरू झाली आणि जवळपास दशकभर चालली. तिच्यातले जहाज ‘पॅसिफिक प्रिन्सेस’ हे खरे, प्रिन्सेस कंपनीच्या ताफ्यातले होते. दर आठवड्याला अनोळखी माणसे जहाजावर चढत, प्रेमात पडत आणि सुखाने उतरत. कोणालाही उलटी होत नसे, कोणाचे सामान हरवत नसे. प्रेक्षकांना ही जाहिरात वाटत नव्हती, आणि म्हणूनच कोणत्याही जाहिरातीपेक्षा तिचा परिणाम खोल झाला. मालिकेत कप्तानाची भूमिका करणारे गॅव्हिन मॅक्लाउड पुढे प्रिन्सेस कंपनीचे प्रवक्ते झाले. 1984 मध्ये कार्निव्हलने अमेरिकेच्या राष्ट्रीय दूरदर्शन वाहिन्यांवर मोठी मोहीम सुरू केली. गायिका आणि निवेदिका कॅथी ली गिफर्ड त्यात डेकवरून नाचत, गात फिरत आणि एका लोकप्रिय गाण्याच्या चालीवर असे सुचवत की आपले जुने सोबती आपल्याला आता पाहतील तर काय म्हणतील. हे आवाहन बारकाईने ऐकण्यासारखे आहे. त्यात बेटांचे वर्णन नाही, जहाजाचे टन नाहीत. इतरांच्या नजरेत आपण कसे दिसू, याचे सुख त्यात विकलेले आहे. 1970 च्या सुमारास वर्षाला सुमारे 5 लाख लोक क्रूझवर जात, तो आकडा 2019 पर्यंत 2 कोटी 97 लाखांवर गेला.

जहाजे जसजशी मोठी झाली तसतसा जाहिरातीतला समुद्र लहान झाला. रॉयल कॅरिबियनने 1999 मध्ये ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फावर स्केटिंग करण्याची जागा, चढाईची भिंत आणि दुकानांनी भरलेला रस्ता आणला. जानेवारी 2024 मध्ये पहिल्या सफरीला निघालेले त्याच कंपनीचे ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज 2,48,663 टन क्षमतेचे असून पूर्ण भरल्यावर त्यावर 7,600 प्रवासी मावतात. त्याच्या चित्रांत घसरगुंड्या, तलाव, उपाहारगृहे आणि रंग एकमेकांवर रचलेले दिसतात. पाणी असते ते कोपऱ्यात, निळ्या पट्टीसारखे. इतक्या केबिन दर आठवड्याला भरायच्या तर प्रत्येक वयाच्या माणसासाठी चित्रात काहीतरी असावेच लागते, आणि त्या गर्दीत समुद्राची शांतता टिकणे शक्य नव्हते. नेमकी ही उणीव हेरून व्हायकिंगसारख्या कंपन्यांनी उलटी जाहिरात केली: आमच्याकडे कॅसिनो नाही, 18 वर्षांखालील मुले नाहीत. 2011 पासून या कंपनीने अमेरिकेतल्या सार्वजनिक दूरदर्शनवरच्या अभिरुचीसंपन्न नाट्यमालिकांना प्रायोजकत्व दिले आणि सुशिक्षित, प्रौढ प्रेक्षकासमोर नदीकाठचे किल्ले आणि जुनी शहरे ठेवली. जाहिरात अशा रीतीने पुन्हा ठिकाणांकडे वळली.

जाहिरातीने जे दाखवले नाही, ते अधूनमधून न्यायालयात किंवा बातम्यांत दिसले. 1990 च्या दशकात रॉयल कॅरिबियनचे कर्मचारी ‘सेव्ह द वेव्हज’ (लाटा वाचवा) असे लिहिलेले बिल्ले लावत. त्याच काळात कंपनीच्या जहाजांतून तेलकट सांडपाणी समुद्रात सोडले जात होते, आणि 1999 मध्ये कंपनीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून 1 कोटी 80 लाख डॉलर दंड मान्य केला. 2016 मध्ये प्रिन्सेस कंपनीने अशाच प्रकारात 4 कोटी डॉलरचा दंड स्वीकारला. समुद्राचे सौंदर्य विकणाऱ्यांनीच समुद्र मळवावा, ही बाब क्षुल्लक मानता येणार नाही. 13 जानेवारी 2012 रोजी ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळून कलंडले आणि 32 माणसे मृत्युमुखी पडली. फेब्रुवारी 2013 मध्ये ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनखोलीत आग लागली, 4,200 हून अधिक माणसे असलेले ते जहाज मेक्सिकोच्या आखातात वीज आणि संडासांच्या सोयीविना अनेक दिवस अडकून राहिले, आणि बंदरात ओढून आणले जात असताना वाहिन्यांनी त्याचे थेट प्रक्षेपण केले.

यानंतर कार्निव्हलने जे केले ते लक्षणीय आहे. 2013 च्या अखेरच्या महिन्यांतल्या मोहिमेत कंपनीने प्रवाशांनीच काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती वापरल्या. कंपनीच्या शब्दांवरचा विश्वास ढासळला असताना प्रवाशाचा शब्द पुढे केला गेला. फेब्रुवारी 2015 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यादरम्यान दाखवलेल्या जाहिरातीत तर घसरगुंड्या आणि नाचगाणी जवळपास नव्हतीच. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे 1962 मधले भाषण त्यात ऐकू येते, ज्यात ते म्हणतात की आपल्या रक्तातही समुद्राइतकेच मीठ आहे आणि आपण समुद्राशी बांधलेले आहोत. चार दशके पोहण्याच्या तलावाने झाकलेला समुद्र कंपनीला परत बोलवावा लागला, कारण जहाजाची प्रतिमा मलीन झाली होती आणि समुद्राची झाली नव्हती.

2020 च्या फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ हे क्रूझ जहाज जपानच्या योकोहामा बंदरात अडकले, त्यावरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना कोविडचा संसर्ग झाला, आणि मार्चपर्यंत जगभरातली क्रूझ जहाजे थांबली. हा धंदा आता संपला, असे अनेकांना वाटले. तरीही 2023 मध्ये प्रवाशांची संख्या 3 कोटी 17 लाख झाली. दरम्यान सेलिब्रिटी कंपनीने 2022 मध्ये छायाचित्रकार ॲनी लीबोव्हिट्झ आणि इतरांकडून अपंग, वयस्कर, विविध वर्णांच्या आणि विविध देहयष्टीच्या प्रवाशांची छायाचित्रे काढून घेतली आणि ती सर्वांना वापरण्यासाठी मोफत खुली केली. पर्यटनाच्या जाहिरातींत आजवर एकाच प्रकारची सडपातळ, गोरी जोडपी दिसत आली, ही कबुली त्यात होती, आणि ती देण्यास फार उशीर झाला असला तरी तिचे स्वागत व्हायला हवे.

आता चित्रावरची कंपनीची मालकीच सैल झाली आहे. 2023 मध्ये ‘आयकॉन’चे कंपनीने प्रसिद्ध केलेले संगणकीय चित्र समाजमाध्यमांवर पसरले, तेव्हा काहींना ते स्वप्न वाटले आणि काहींना गर्दीचे दुःस्वप्न. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रॉयल कॅरिबियनचे एक जहाज नऊ महिन्यांच्या जगप्रदक्षिणेला निघाले, आणि प्रवाशांच्या टिकटॉकवरच्या रोजच्या चित्रफिती लाखो लोक मालिकेसारख्या पाहू लागले. जहाजावर काम करणारे कर्मचारीही आपल्या दोन मजली खाटांच्या, खिडकी नसलेल्या खोल्या स्वतःच दाखवतात. माहितीपुस्तिकांत या माणसांना पूर्वी फक्त ट्रे घेऊन हसत उभे राहण्यापुरती जागा होती.

राहिली किंमत. जाहिरातीतला मोठा आकडा आणि अखेरच्या बिलातला आकडा यांत पूर्वीपासून तफावत राहिली आहे. 1997 मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या कारवाईनंतर काही मोठ्या कंपन्यांनी बंदरशुल्काच्या नावाखाली प्रत्यक्ष शुल्कापेक्षा अधिक रक्कम लावणे बंद करण्याचे मान्य केले. 1 जुलै 2024 पासून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने जाहिरातीतल्या किमतीतच अनिवार्य शुल्के धरणे बंधनकारक केले, आणि त्यासाठी मोठ्या कंपन्यांनी संपूर्ण अमेरिकेत आपल्या किमती दाखवण्याची पद्धत बदलली. कर्मचाऱ्यांसाठी दररोज आकारली जाणारी टिपची रक्कम मात्र बहुतेक मोठ्या जहाजांवर अजूनही त्या आकड्याबाहेर आहे.